सिमेंटवर धावायचंय? आधी दुखणं ओळखा, मग बूट घ्या

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. दहा वर्षांपूर्वी धावायला लागले तेव्हापासूनची. बुटांच्या प्रत्येक जोडीला तिच्यात जागा ठेवलेली असते. डाव्या पानांवर तारीख आणि किलोमीटर, उजव्या पानांवर कुठे काय दुखलं. सध्या दहावी आणि अकरावी जोडी आलटून पालटून चालू आहे. दुसऱ्या जोडीच्या उजव्या पानावर सलग तेवीस दिवस एकच ओळ आहे: ‘उजवा गुडघा, वाटीच्या खाली, जिना उतरताना.’

त्या तेवीस दिवसांत माझ्या दोन चुका झाल्या. दुखत असूनही तेवढंच धावत राहिले, ही पहिली. दुखणं नेमकं कुठलं हे न बघता ‘आणखी मऊ बूट’ शोधायला निघाले, ही दुसरी. पहिलीबद्दल सगळेच बजावतात. दुसरीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझी पुढची दोन वर्षं तीच चूक निस्तरण्यात गेली.

तेव्हा सगळ्यात आधी हे सांगते. बूट अंगावरचा भार नाहीसा करत नाही. तो भार सरकवतो. गुडघ्यावरून काढून पोटरीवर टाकतो, पोटरीवरून काढून गुडघ्यावर टाकतो, चवड्यावरून काढून घोट्यावर टाकतो. कुठला बूट चांगला, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. तुमचा कुठला सांधा कुरकुरतोय आणि कुठला धडधाकट आहे, त्यावर ते ठरतं.

माझं वय एकोणपन्नास, वजन ७१ किलो. गणित शिकवते, त्यामुळे दिवसाचे चार-पाच तास फरशीवर उभी असते. आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर धावते, ते जवळजवळ सगळं सिमेंट काँक्रीटवर. धाकटी बहीण बरोबर असते. तिचं वजन ५२ किलो. तिचा उल्लेख पुढे येईल, कारण आम्हा दोघींना एकच बूट कधी मानवला नाही आणि त्यातून मी पुष्कळ शिकले.

कडक जमिनीवर नेमकं काय होतं

धावताना पाऊल टेकलं की जमीन आपल्याला वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. माझ्या बाबतीत तो जोर दीडशे ते दोनशे किलोंच्या ओझ्याइतका. माझी मिनिटाला १६४ पावलं पडतात आणि किलोमीटरला सात मिनिटं लागतात. म्हणजे किलोमीटरला ११४८ पावलं, आठ किलोमीटरला ९१८४. एकेका पायाच्या वाट्याला ४५९२ धक्के. गुडघ्याची वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला दाब तर याहूनही बराच जास्त असतो, कारण मांडीचे स्नायू वाटीला मागे आवळून धरतात.

एवढा हिशोब झाला की वाटतं, खाली जाड गादी घालावी आणि मोकळं व्हावं. मलाही तसंच वाटलं होतं. पण पाय म्हणजे काही निर्जीव खांब नव्हे. डॅनियल फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली धावणाऱ्यांना कमी-जास्त कडक पृष्ठभागांवर धावायला लावून मोजमाप केलं. जमीन मऊ झाली की पाय ताठ होतो आणि जमीन कडक झाली की पाय सैल पडतो, म्हणजे शरीर आपली स्प्रिंग आपणच जुळवून घेतं, असं त्यांना दिसलं. बुटाच्या बाबतीतही असं होऊ शकतं. २०१८ साली युहा-पेक्का कुलमाला आणि सहकाऱ्यांनी खूप जाड सोलचा बूट आणि नेहमीचा बूट यांची तुलना केली. वेगाने धावताना जाड सोलच्या बुटात पाय जास्त ताठ राहिला आणि टेकतानाचा धक्का कमी व्हायच्या ऐवजी वाढला. अंगठ्याने सोल दाबून ‘हा मऊ आहे, हा घ्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ते एवढ्यासाठी.

सिमेंटची खरी अडचण मला त्याच्या एकसारखेपणात वाटते. मातीवर प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. कधी टाच रुतते, कधी पाऊल किंचित बाहेर झुकतं, भार वाटला जातो. सिमेंटवर ४५९२ च्या ४५९२ पावलं एकाच कोनात, त्याच जागी. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय सतत वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला पडतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखतंय, तेही एकाच पायाच्या, असं कोणी सांगितलं की मी बुटाबद्दल बोलायच्या आधी विचारते: रस्त्याची कुठली कड धरून धावता? जाताना एक आणि येताना दुसरी धरली, किंवा रस्ता रिकामा असताना सपाट भाग गाठला, तर काहींचं दुखणं नव्या बुटाशिवायच कमी होतं.

धावल्याने गुडघे झिजतात ही भीती मात्र मनातून काढा. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात हौशी धावणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. न धावणाऱ्या बैठ्या लोकांत हेच प्रमाण १०.२ टक्के होतं. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के भरलं. आपण बहुतेक जण पहिल्या गटातले. आपलं दुखणं सहसा सांधा झिजल्याचं नसतं. सांध्याभोवतीच्या ऊतींना झेपेल त्याहून जास्त काम एकाच जागी दिल्याचं ते असतं.

कुठे दुखतंय ते आधी लिहून काढा

दुकानात जायच्या आधी आठवडाभर वही भरा. तीन गोष्टी लिहायच्या: बोट ठेवून दाखवता येईल अशी नेमकी जागा, दुखायला कधी लागतं (धावताना, नंतर, की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना), आणि कशाने वाढतं (जिना चढताना, उतरताना, उकिडवं बसताना). आठवड्याने वाचलंत की बुटाची निम्मी निवड झालेली असते.

यात एक शब्द नीट समजून घ्यावा लागेल, तो म्हणजे ड्रॉप. टाचेखाली सोलची जाडी किती आणि चवड्याखाली किती, यातला फरक म्हणजे ड्रॉप. टाचेखाली ३४ मिलिमीटर आणि चवड्याखाली २६ असेल तर ड्रॉप ८. नेहमीच्या धावण्याच्या बुटांत तो ८ ते १२ असायचा. आता ६, ४ आणि शून्यसुद्धा सर्रास मिळतो. ढोबळ नियम असा: ड्रॉप जास्त तर गुडघ्याला काम जास्त, ड्रॉप कमी तर घोटा, पोटरी आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनला काम जास्त.

दुखणं वाटीभोवती असेल, माझ्यासारखं, आणि सध्याच्या बुटाचा ड्रॉप १०-१२ असेल, तर ५ ते ८ च्या आसपास बघा. दुखणं टाचेमागे किंवा पोटरीत असेल तर उलट करा. तिथे ८ ते १२ चा ड्रॉप आराम देतो, आणि शून्य ड्रॉपच्या बुटाला हातही लावू नका. अंगठ्याच्या बुडाचा सांधा ताठ झाला असेल, तो वर वळवताना कळ येत असेल, तर चवड्यापाशी न वाकणारा आणि पुढून होडीसारखा वर उचललेला सोल घ्या. पाऊल त्याच्यावरून गडगडत पुढे जातं, अंगठ्याला वाकावं लागत नाही. चवड्याच्या हाडांखाली आग होत असेल तर लोक टाचेची जाडी बघत बसतात, पण बघायची असते चवड्याखालची जाडी आणि पुढच्या भागाची रुंदी. खुब्याच्या दुखण्यावर बुटाचा उपाय फार थोडा चालतो. त्याबद्दल शेवटी येते.

आणि एक दुखणं असं आहे की त्यावर बूट निवडायचाच नाही. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागेत दाबलं की जीव जाईल असं दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सांध्याला सूज आली, गुडघा अडकला किंवा उभ्या उभ्या दगा द्यायला लागला, तरीही तेच. धावणं त्या दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

माझी तिसरी आणि चौथी जोडी

वाटीचं दुखणं घेऊन मी बूट घ्यायला गेले तेव्हा माझा ओला तळवा कागदावर उमटवून घेतला गेला. कमान बसकी निघाली. मग ट्रेडमिलच्या पट्ट्यावर अर्धा मिनिट धावायला लावलं आणि सांगितलं की माझं पाऊल आत झुकतं, ते रोखणारा बूट घ्यावाच लागेल. टाचेच्या आतल्या बाजूला कडक फोमची पाचर असलेला, चांगला वजनदार बूट मी घेतला. दीड महिन्याने वाटीचं दुखणं होतं तिथेच होतं, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नवं सुरू झालं होतं.

पुढे वाचनात आलं ते असं. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोरमधल्या हजारो प्रशिक्षणार्थींवर हाच प्रयोग झाला होता. एका गटाला तळव्याच्या आकारावरून बूट दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. बाजू लंगडी राहू नये म्हणून हेही सांगते की २०१६ साली ३७२ धावकांवर झालेल्या एका चाचणीत, ज्यांचं पाऊल खरोखर आत झुकलेलं होतं त्यांना असे बूट उपयोगी पडले. मात्र पाऊल किती झुकतं हे अनुभवी फिजिओथेरपिस्टने उभं करून, चालवून, एका पायावर वाकवून बघावं लागतं. ओल्या ठशाने ते ठरत नाही.

त्या बुटाचा कंटाळा येऊन मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले. चौथी जोडी शून्य ड्रॉपची, पातळ. पहिल्या आठवड्यात वाटीचं दुखणं खरंच ओसरलं. वहीत मी त्या दिवशी ‘सापडलं!’ असं लिहिलंय. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरताना डाव्या टाचेमागे अशी चमक आली की भिंत धरावी लागली. अकिलीस सुजला होता. भार गुडघ्यावरून उतरला होता तो सरळ तिथे जाऊन बसला होता, आणि इतकी वर्षं दहा-बारा मिलिमीटर उंच टाचेवर राहिलेल्या त्या टेंडनला कोणी आगाऊ सूचनाही दिली नव्हती. बरं व्हायला चार महिने गेले.

लक्झेंबर्गमध्ये ५५३ हौशी धावकांना १०, ६ आणि शून्य ड्रॉपचे, बाकी सगळं सारखं असलेले बूट देऊन सहा महिने पाहिलं गेलं. एकंदरीत तिन्ही गटांत दुखापती सारख्याच. पण अधूनमधून धावणाऱ्यांना कमी ड्रॉप मानवला आणि नियमित धावणाऱ्यांना तो जास्त बाधला. हा निकाल वाचला तेव्हा मला माझी चौथी जोडी आठवली. मी नियमित धावणारी होते आणि बदल एका रात्रीत केला होता. आता माझा नियम आहे की एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जाताना ड्रॉप तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त बदलायचा नाही. आणखी खाली जायचंच असेल तर मधे एक पूर्ण जोडी वापरायची.

अनवाणी धावा, बूटच नकोत, असंही सांगणारे भेटतात. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हे ते आवर्जून सांगतात. तो १९६४ साली टोकियोत पुन्हा जिंकला तेव्हा त्याच्या पायात बूट होते, हे सांगायचं राहून जातं. अनवाणी धावणं वाईट नाही. पण ज्यांचा सांधा आज दुखतोय आणि ज्यांच्यापुढे सिमेंटचाच रस्ता आहे, त्यांनी तिथून सुरुवात करू नये असं मला ठामपणे वाटतं.

फोम, जाडी आणि तुमचं वजन

टाचेपासून चवड्यापर्यंत जी जाड पट्टी दिसते ती मिडसोल. जवळपास सगळं काम तीच करते. १९७० च्या दशकापासून ती ईव्हीए नावाच्या फोमची असते. हलका, स्वस्तात बनणारा, पण हळूहळू दबत जाणारा. २०१३ साली टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या फुगवलेल्या दाण्यांचा सोल आला. तो जड असतो, पण जास्त टिकतो आणि थंडीत तितका कडक होत नाही. २०१७ पासून शर्यतीच्या बुटांत पेबा जातीचा फोम आणि त्यात कार्बनची पट्टी दिसू लागली. तो अतिशय हलका आणि उसळी देणारा. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी मैदानी खेळांची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने सोलची जाडी ४० मिलिमीटरपर्यंतच ठेवण्याचं बंधन घातलं ते याच बुटांमुळे.

सांधे सांभाळायला शर्यतीचा बूट घेऊ नका. तो वेगासाठी बनवलेला असतो. सावकाश धावताना उंच आणि अरुंद सोलवर घोटा डगमगतो, आणि डगमगता घोटा सावरायला गुडघा व खुबा राबतात. रोजच्या सिमेंटवरच्या धावण्याला मध्यम जाडीचा, पाया रुंद असलेला बूट मला बरा वाटतो. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. तळ वरच्या भागापेक्षा स्पष्ट रुंद दिसला पाहिजे.

फोम किती मऊ हवा? इथे बहिणीची गोष्ट. आम्ही एकदा एकाच मॉडेलचा बूट घेतला, तिने तिच्या मापाचा, मी माझ्या. तिला तो ‘लाकडासारखा’ वाटला, मला नेमका. पुढच्या खेपेला तिने मऊ फोमचा घेतला आणि तिच्या नडग्यांचं दुखणं महिन्याभरात थांबलं. मी तोच घालून धावले तर माझी टाच पार खाली बसायची, फोम जणू संपायचाच. तिच्या १९ किलो कमी वजनाला जो फोम अर्धा दबतो, तो माझ्याखाली तळ गाठतो.

लॉरां मालिसू यांच्या गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेली चाचणी याच प्रश्नावर आहे. ८४८ धावकांना बाहेरून अगदी सारखे दिसणारे बूट दिले, काहींचे कडक फोमचे, काहींचे मऊ. कडक बुटांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. मात्र मऊ बुटाचं हे संरक्षण हलक्या वजनाच्या धावकांत दिसलं, जड धावकांत दिसलं नाही. ‘वजन जास्त आहे ना, मग सगळ्यात मऊ घ्या’ हा सल्ला उलटा पडू शकतो तो असा. वजन जास्त असेल तर जाडी पुरेशी हवी, पण फोम जरा घट्ट, तळ न गाठणारा हवा. वजन कमी असेल तर मऊपणाकडे बेलाशक झुका.

पायात घालून बघताना

संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि धावतानाही फुगणारच असतात. ज्या मोज्यांत धावता तेच घाला. दोन्ही पावलं उभं राहून मोजून घ्या. माझं डावं उजव्यापेक्षा पाच मिलिमीटर लांब आहे, हे मला चाळिशीत कळलं. माप नेहमी मोठ्या पावलाचं घ्यायचं. लहान पावलाचा बूट नाडीने आवळता येतो, आखूड बूट वाढवता येत नाही.

मग बुटातला सुटा इनसोल, म्हणजे आतली पातळ गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे रहा. पाऊल कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो. लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. बोटं आत पंख्यासारखी पसरता आली पाहिजेत. बायकांच्या बुटांचा साचा बहुधा अरुंद असतो. माझा चवडा रुंद, त्यामुळे सातव्या जोडीपासून मी पुरुषांच्या विभागातले बूट घेते आणि टाच सैल पडू नये म्हणून सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडीचा फास ओवते. बुटाला वर जवळजवळ लागून दोन भोकं असतात ती यासाठी. त्या फासाने टाच मागे घट्ट बसते आणि पुढची बोटं मोकळी राहतात.

बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकावा, जिथे तुमचं पाऊल वाकतं तिथे. मधोमध कमानीत घडी पडत असेल तर ठेवून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किमान तीन वेगवेगळ्या जातीचे बूट निवडा आणि त्यात खरंच धावा, चार पावलं चालून निर्णय घेऊ नका. पट्ट्यापेक्षा कडक फरशीवर किंवा बाहेर रस्त्यावर धावता आलं तर उत्तम, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. मी दोन पायांत दोन वेगळे बूट घालून धावते आणि नंतर अदलाबदल करते. बहीण बूट चढवून देते आणि मी तोवर खाली बघत नाही, म्हणजे रंग आणि नाव मनात शिरत नाही. धावताना दोन गोष्टींकडे कान आणि मन लावा. पाऊल आपटल्याचा आवाज कुठल्या बुटात कमी होतो? आणि कुठल्या बुटात धावताना बुटाचा विसर पडतो? आवाज हे काही काटेकोर माप नव्हे, पण माझ्या अनुभवात ज्या बुटात मी थाड थाड आपटत होते, त्याच बुटांच्या उजव्या पानांवर तक्रारी जास्त आहेत.

आरामदायी वाटणं हीच निवडीची मुख्य कसोटी मानावी, असं बेनो निग यांनी २०१५ साली मांडलं. बुटांच्या यंत्रशास्त्रावर आयुष्यभर काम केलेला माणूस इतकं साधं सांगतो याचं मला आधी नवल वाटलं होतं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक शरीराची हालचालीची एक आपली वाट असते, आणि जो बूट त्या वाटेवर राहू देतो तो आरामाचा वाटतो. फक्त हा आराम उभं राहून सोफ्यासारखा वाटणारा आराम नव्हे. धावतानाचा आराम हवा. पुष्कळ मऊ बूट उभ्याने स्वर्ग वाटतात आणि तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्या भरून येतात.

घरी आणल्यावर

पहिले दोन आठवडे नवा बूट आठवड्यातून दोनदाच, तीन-चार किलोमीटर. बाकी दिवस जुना. तिसऱ्या आठवड्यात निम्मं-निम्मं. वही चालू ठेवा. जुनी जागा शांत झाली आणि नवी जागा बोलायला लागली, तर भार सरकलाय हे ओळखा आणि नव्या बुटाचे किलोमीटर लगेच कमी करा. माझ्या चौथ्या जोडीच्या दुसऱ्या आठवड्यात ‘डावी पोटरी जड’ असं मी स्वतःच तीनदा लिहिलं होतं. वाचलं मात्र नव्हतं.

दोन जोड्या आलटून पालटून वापरणं जमत असेल तर जरूर करा, शक्यतो वेगळ्या जाडीच्या किंवा वेगळ्या ड्रॉपच्या. २६४ धावकांच्या एका पाहणीत, एकाहून जास्त जोड्या फिरवून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. सिमेंटने हिरावलेला वेगळेपणा थोडा तरी पायाला परत मिळतो, असं मी त्याचं कारण लावते. माझी दहावी जोडी ८ च्या ड्रॉपची आणि घट्ट, अकरावी ५ ची आणि जरा मऊ. लांब अंतराला दहावी, छोट्या दिवशी अकरावी.

बूट धुवायचा तर हाताने, गार पाण्यात, इनसोल काढून. उन्हात किंवा बंद गाडीत तापत ठेवू नका, उष्णतेने फोम आणि त्याचा गोंद दोन्ही लवकर जातात. कागद कोंबून सावलीत वाळवा.

खुब्याबद्दल सांगायचं राहिलं होतं. तिथे, आणि खरं तर गुडघ्यालाही, बुटापेक्षा मोठा फरक पावलांच्या संख्येने पडतो. वेग तोच ठेवून मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त पावलं टाकली की पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्या-खुब्यावरचा भार कमी होतो, हे २०११ साली ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलंय. माझी पूर्वी मिनिटाला १५४ पावलं पडायची. १६४ वर यायला तीन महिने लागले, रोज फक्त शेवटच्या एका किलोमीटरला मोजत.

बूट कधी बदलायचा? साधारण ५०० ते ८०० किलोमीटर असं म्हणतात, आणि माझ्या वजनाला, सिमेंटवर, मी ६०० धरून चालते. खालचं रबर शाबूत दिसतं म्हणून फसू नका, फोम रबराच्या आधी मरतो. मिडसोलच्या कडेवर आडव्या बारीक सुरकुत्या पडतात आणि दाबल्याशिवायही तशाच राहतात. बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला तर एका बाजूला कललेला दिसतो. आणि धावल्यानंतर कुठलंही नवं कारण नसताना जुनी जागा पुन्हा हळूच दुखू लागते. हे तिसरं लक्षण माझ्या वहीत दर वेळी पहिल्या दोन्हींच्या आधी आलंय.

दहाव्या जोडीचा आकडा काल ५६८ झाला. परवा जिना उतरताना उजव्या वाटीखाली किंचित जाणवलं, तसं लिहून ठेवलंय. या शनिवारी संध्याकाळी बहिणीला घेऊन बारावी जोडी बघायला जाणार आहे. ८ च्या ड्रॉपचीच, तळाशी रुंद. दहावी त्यानंतरही दोन आठवडे छोट्या अंतरांना वापरेन, नव्या जोडीची पायाला ओळख होईपर्यंत.